जागा: खाली

सुसंस्कृत समाज नावं ठेवण्यात जितका तरबेज असतो, तितकाच नावं न घेण्यातही. शरीराच्या एका भागाबाबत हे व्रत इतकं कडक पाळलं जातं, की त्या भागाला आजार झाला तर तो आजारही बिचारा बिनपत्त्याचा राहतो.

व्याकरणाच्या बाईंना तो नऊ वर्षं होता. पांढरे चट्टे, खाज, भेगा. या काळात सहा डॉक्टर झाले, चौदा मलमं झाली. जागेचा उच्चार शून्य वेळा. आई ‘तिथे’ म्हणायची, सासूबाई ‘ते’ म्हणत, आणि यजमान नुसते खाकरत (खाकरण्याची जात व्याकरणात दिलेली नाही). बाईंना खुर्चीवर बसवत नसे. पाचही तास उभ्याने शिकवतात म्हणून शाळेने त्यांना आदर्श शिक्षिका ठरवलं.

सातव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र रोग अचूक ओळखला. उपाय आधुनिक होता: मलम लावायचं, तीन तास थांबायचं, मग लाल दिव्याचा झोत. दिवा पडला की मलम कामाला लागतं. तीन बैठका मंजूर झाल्या.

“जागेच्या रकान्यात काय लिहू, मॅडम?” कारकुनाने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“खाली लिहा. कळतं सगळ्यांना.”

कळलंच. ‘तक्रार: भेगा. जागा: खाली’ एवढं वाचून दिवेवाल्याने बाईंच्या टाचांना मलम लावलं आणि झोत सोडला. विज्ञान पुढे गेलंय, औषध पायातून वर चढत असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या बैठकीतही तेच. अहवालात नोंद झाली: ‘टाचा मऊ. रुग्ण समाधानी. यश शंभर टक्के.’ (एकूण रुग्ण: एक.)

तिसरी बैठक शेवटची होती. दिवेवाल्याने सवयीने टाच धरली.

“थांबा हो,” बाई म्हणाल्या. “इथे नाही. खाली.”

“टाचेच्या खाली काय असतं, बाई? फरशी!”

नऊ वर्षांचं उभं राहणं बाईंच्या घशाशी आलं. त्यांनी नाम घेतलं. स्त्रीलिंगी, एकवचनी, स्पष्ट उच्चारात.

सिस्टरच्या हातून ट्रे पडला. दिवेवाल्याने दिवा बंद केला. शेजारच्या खोलीतून कारकून धावत आला. “शिकलेल्या ना तुम्ही? चारचौघांत असं बोलतात का?”

“मग रकान्यात लिहा तरी!”

कारकुनाने लिहिलं: ‘सदर जागा’.

बदललेल्या जागेला इस्पितळाच्या समितीची मंजुरी लागते. समितीत नऊ जण आहेत, सगळे उच्चशिक्षित. सदर म्हणजे नेमकी कोणती, हे सभेत वाचून दाखवायला कोणी तयार नसल्याने विषय दोनदा पुढे ढकलला गेला. दिव्याची तिसरी बैठक अडली आहे, आतली कातडी आक्रसते आहे, आणि बाई अजून उभ्याने शिकवतात.

समितीला हसायला हरकत नाही. फक्त त्याआधी, बाईंनी उच्चारलेला आणि या लेखकानेही शहाणपणाने न छापलेला तो शब्द आपण मोठ्याने म्हणून पाहावा. घरात माणसं असताना.

दार लावायला उठलात? बसा. समितीला दहावा सदस्य हवाच होता.