पोटात कळलेलं वादळ

लेखकाने प्रवास केलाच पाहिजे असं म्हणणाऱ्यांना एकतर रेल्वेचा फुकट पास असतो, नाहीतर त्यांची कल्पनाशक्ती आजारी असते, असं माझं ठाम मत होतं. ते मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. मला वाचनालयाचं कार्ड द्या आणि एक खुर्ची द्या, मी जग पालथं घालून दाखवतो! अंधेरीच्या कचेरीतून सुटलो की मी वाचनालयात, तिथून घरी, आणि घरी जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात बसून मी 'तेरा वाव पाणी' (वाव म्हणजे खोली मोजायचं कोळ्यांचं माप) ही कोळ्यांच्या जीवनावरची तीनशे पानी कादंबरी लिहिली. तीत अडीच वादळं आहेत! तिसरं अर्धवट सोडलं, कारण कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, पानं वाढायला घेतली.

समुद्राशी माझा प्रत्यक्ष संबंध म्हणाल, तर वेसाव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत एकदा बसलो होतो. पाच मिनिटांची खाडी. ती मी कुंदाचा हात धरून, डोळे मिटून पार केली.

इथवर सगळं झकास होतं. पण आमच्या प्रकाशकांनी, श्यामसुंदररावांनी, मला न विचारता मागच्या पानावर छापलं : "लेखकाने सहा महिने खलाशांबरोबर भर समुद्रात काढले आहेत."

मी फोनवर किंचाळलो, "अहो, मला पोहतासुद्धा येत नाही!"

"ते कुठे छापलंय आपण?" ते शांतपणे म्हणाले.

शहाऐंशीच्या जानेवारीतला शनिवार. संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं, तर समोर कपाटाएवढा माणूस! एका हातात कागदात गुंडाळलेली, ठिबकणारी मासळी आणि दुसऱ्या हातात माझी कादंबरी.

"टिपणीस तुमीच?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. पण दारावर पाटी होती.

"मी दादू. वेसाव्याचा तांडेल. माजी सोताची बोट हाय."

मेलो! तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस. हा आता विचारणार, कुठल्या बोटीवर होतात, कोणाबरोबर होतात! मी दार लोटून घ्यायच्या बेतात होतो. कुंदा मात्र "या ना आत!" म्हणून मोकळी.

दादू बसला. खुर्ची कण्हली. "आमी वाचत नाय," तो म्हणाला. "माजी पोर अनुपमा नववीत हाय. ती रोज जेवल्यावर वाचून दाखवते. सगलं घर ऐकतं. तुमी लिवलंय ना, भीमराजला वादल आदी पोटात कलायचं? आकाश साफ असायचं, पन ह्याच्या पोटात ढवललं की हा बोट फिरवायचा?"

मला दरदरून घाम फुटला. ते वाक्य मी सहा बटाटेवडे खाल्ल्यावर लिहिलं होतं. माझ्याच पोटात ढवळत होतं, म्हणून नायकाच्या पोटात घातलं!

"ते जरा... अतिशयोक्ती..."

"माज्या आज्याचं असंच व्हायचं!" दादूचे डोळे भरून आले. "गावात कोनाला सांगितलं तर हसतात. तुमाला कसं ठावं? दर्यावर दिस काढल्याबिगर हे कलत नाय. उद्या रविवार. या माज्या बोटीवर! तुमी लय दिस जमिनीवर हाव, जीव कासावीस व्हत असंल."

"उद्या? उद्या गोरेगावला मुंज आहे..."

"कोणाची?" कुंदा म्हणाली.

नवरा संकटात असताना बायकोने विचारायचा प्रश्न आहे का हा? वर आणखी म्हणते, "जाऊन या की! घरात बसून बसून नुसते जाळं धरायला लागलात!"

सकाळी निघताना मी तिला विम्याचे कागद कुठल्या खणात आहेत ते सांगितलं. ती म्हणाली, "बारापर्यंत या. भरलं वांगं आहे."

बोटीवर चढायला एक फळी होती. हातभर रुंद आणि खाली पाणी! मी ती चारी हातापायांवर रांगत पार केली. दादू खलाशांना म्हणाला, "बगा! बोटीच्या पाया पडत चढतात. हा खरा दर्यावर्दी!"

इंजिन धडधडायला लागलं. त्याच्या दुप्पट माझं काळीज. किनाऱ्यावरच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या झाल्या, मग मुंगळ्यांएवढ्या, मग नाहीशाच. लाटा सुरू झाल्या. मी डोलकाठीला मिठी मारली. इतकी घट्ट मिठी लग्नाला अकरा वर्षं होऊनही मी कुंदालाही मारलेली नाही.

खरं सांगतो, हसू नका. तीनशे पानं मी त्या पाण्याला 'निळं' आणि 'अथांग' म्हणत आलो होतो. आता ते काळपट हिरवं होतं आणि अगदी शेजारी होतं. एका फळीच्या अलीकडे मी, पलीकडे ते. बोट कलली की ते वर येऊन मला बघून जायचं. माझ्या भीमराजला मी यात रात्रंदिवस पोहायला लावलं होतं आणि स्वतः चहा पीत बसलो होतो. मला त्याची पहिल्यांदा दया आली.

"सांगा साहेब, जालं कुटं टाकू?" दादूने आदराने विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रात्रीचं सगळं जेवण समुद्राला दिलं.

"पोटात...!" मी ओरडलो. "दादू, पोटात ढवळतंय! परत फिरा! नाहीतर मरतो आपण! परत फिरा!"

दादू थिजला. त्याने आकाशाकडे बघितलं. एक ढग नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"आजा पन असाच हिरवा व्हायचा," तो पुटपुटला. आणि गरजला, "जालं टाकू नका! बोट फिरवा!"

शेजारच्या बोटीवरून हाक आली, "काय रं दादू?"

"वारा येतोय! फिरा!"

दादू तांडेल तीस वर्षांत कधी रिकाम्या हाती फिरला नव्हता. तो फिरला म्हटल्यावर शेजारचा फिरला. त्याला बघून त्याच्या पलीकडचा. थोड्या वेळाने मी मान वर केली, तर आमच्यामागून वरातीसारख्या अकरा बोटी येत होत्या!

त्याच क्षणी मला बोलता आलं असतं. "अहो, त्यांना तरी राहू द्या," असं मी म्हणालोही, पण इतक्या हळू, की ते माझं मलाही ऐकू गेलं नाही. किनारा जवळ येत होता ना!

बोटी परतताना बघून किनाऱ्यावर टोपल्या घेऊन बायका जमल्या होत्या. पन्नास तरी असतील. बोटी लागल्या. टोपल्या रिकाम्याच राहिल्या. सगळे आकाशाकडे बघायला लागले. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख! वाळत घातलेलं लुगडंसुद्धा हलेना.

समुद्राची भीती ही भीतीच नव्हती, हे मला तेव्हा समजलं.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. दादूची आई, रुक्मिणीबाय. हातात मासळी कापायचा कोयता! "वारा कुनी सांगितला?"

अकरा बोटींवरची सगळी बोटं माझ्याकडे वळली.

"आये, यांना पोटात कलतं. आज्यावानी," दादू अभिमानाने म्हणाला. आणि पुन्हा वर बघायला लागला. एवढे लोक हसायच्या बेतात होते, पण तो गडी माझ्यासाठी ढग शोधत होता! ते मला बघवेना.

"दादू," मी म्हणालो, "वादळ येणार नाही. मला बोट लागली होती. मी जन्मात कधी समुद्रावर गेलेलो नाही. ते सहा महिने खोटे. भीमराजही खोटा. सगळं घरात बसून लिहिलंय."

दादूने डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजे... आज्याचं पन?"

"आज्याचं खरंच असणार," मी घाईघाईने म्हणालो. "माझे बटाटेवडे होते."

रुक्मिणीबाय कोयत्यासकट माझ्या नाकाशी आली. मी डोळे मिटले.

"सगलं खोटं?"

"हो."

"भीमराज शेवटाला बुडला, ता पन?"

"हो."

"तुज्याच मनानं बुडवलास?"

"हो..."

"मेल्या!" ती कडाडली. "खोटंच लिवायचं व्हतं, तर त्याला वाचवायला काय झालं व्हतं तुला? माजी सून दोन दिस जेवली नाय! त्याच्या नावानं मी दर्यात नारल सोडला!"

आतापर्यंत माझ्या कादंबरीवर चार परीक्षणं आली होती. एवढा अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. बायका मागून ओरडायला लागल्या, "जिता कर त्याला! जिता कर!"

"करतो!" मी हात जोडले. "दुसऱ्या आवृत्तीत नक्की जिवंत करतो!"

"कवा निघंल ती?"

"पहिली संपली की."

"मंग संपव लवकर!"

तासाभरात बोटी परत दर्यावर गेल्या. जाताना दादूने मला 'येता का' म्हणून विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "घरी जाऊन लिंबूपानी घ्या."

मी घरी न जाता आधी नाक्यावरून श्यामसुंदररावांच्या घरी फोन लावला. पहिल्या आवृत्तीच्या किती प्रती उरल्यात?

"हजारातल्या ना? आठशे सत्तर," ते म्हणाले. "का, काही घाई आहे?"

तेव्हा मंडळी, भीमराज अजून पाण्यातच आहे, आणि त्याला वर काढणं तुमच्या हातात आहे. तोवर वेसाव्याच्या बायकांना तोंड दाखवायची सोय नाही; मासळी आम्ही पार मालाडहून आणतो.