गौराबाईंचा गुडघा

मुलांनो, अंबाजोगाईला आमच्या शेजारी महादेवअप्पांचं किराणा दुकान होतं. गल्ल्यामागे शंकराची तसबीर, आणि तिच्या शेजारी बायकोच्या गुडघ्याचा फोटो. साधा नव्हे, एमआरआयचा. गिऱ्हाईक साखर मागायला आलं की अप्पा ती काळी फिल्म उजेडात धरत. "बघा. काई फाटलंय? काई तुटलंय?" साखर मिळावी म्हणून गिऱ्हाईक बिचारं "न्हाई" म्हणे.

तेव्हा नव्या यंत्रांचं फार कौतुक होतं. तागडी टाकून इलेक्ट्रॉनिक काटा आमच्या गल्लीत पहिल्यांदा अप्पांनीच आणला. "मशीनला ना माया ना माहेर," ते म्हणत, "ती कशाला खोटं बोलंल?"

गौराबाई माळ्यावरून गुळाची ढेप काढताना पडल्या. तेव्हापासून पायरी उतरताना गुडघा मध्येच अडके. अप्पांनी त्यांना पुण्याला नेलं, फोटो काढला. रिपोर्ट स्वच्छ. त्या दिवशी त्यांचं दुखणं संपलं, म्हणजे अप्पांच्या लेखी. त्या कण्हल्या की अप्पा ओरडत, "कावून कण्हती? फोटो बघ की!" सुनाही तेच म्हणू लागल्या.

"मग फोटोलाच म्हणा, भाकरी थाप," गौराबाई म्हणत. सगळे हसत. त्या उठून भाकरी थापत.

यंत्र चुकलं याचा मला राग नाही, यंत्रं चुकतात. पण समोर माणूस कण्हत होतं.

दोनेक वर्षांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तो गुडघा हातात धरून वाकवला, फिरवला. आत कट्‌ झालं. "प्रत्येक चीर फोटोत येतेच असं नाही," ते म्हणाले. अप्पा त्यांच्याशी भांडले. दुर्बीण घालून पाहिलं, तर आतली गादी फाटलेली, आणि तशाच चालण्याने हाडही झिजलेलं. आता गुडघा पूर्ण बरा होणार नव्हता.

अप्पांनी फोटो उतरवला. गौराबाईंनी नवऱ्यापाशी दुखण्याचं नाव काढणं सोडलं. कितीदाही विचारा, उत्तर एकच: "काई न्हाई."

एका दुपारी अप्पांनी मला दुकानाच्या पायरीवर थांबवलं. "ताई, तुमी इचारून या की. मला सांगत न्हाई ती."

आत गौराबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून बसल्या होत्या. "लई दुखतंय," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना सांगू नका."

मी बाहेर आले. "काही नाही म्हणाल्या."



"मंजी आज लईच दुखतंय," अप्पा म्हणाले.