तुळशीरामभाऊंचा मोर

आभाळ गळू लागलं की जगातली सारी माणसं छत्री स्वतःच्या डोक्यावर धरतात. आमचे शेजारी तुळशीरामभाऊ ती सायकलीवर धरीत. एका हाताने हँडल, दुसऱ्याने मधल्या दांडीवर झुकवलेली छत्री, आणि स्वतः डोहातून नुकत्याच उठलेल्या म्हशीसारखे निथळत, अशा थाटात ते सावली गावच्या बाजारातून पायी जात. कोणी हटकलंच, तर म्हणत, "मी वाळतो, बाबा. कागद नाई वाळत."

स्वातंत्र्य नवं होतं आणि चांदा जिल्ह्याच्या खेड्यांत सायकल त्याहूनही नवी. भाऊ देवीची लस टोचायला गावोगाव हिंडत. सुई दिसताच पोरं धानाच्या बांध्यांतून पसार होत, म्हणून भाऊंनी सायकल सजवली होती. कापडाच्या ठाणांवर गिरणीची रंगीत तिकिटं येतात, ती त्यांनी नळ्यानळ्यांवर चिकटवली होती: जबडा पसरलेला वाघ, धूर सोडणारी आगबोट, हत्तींनी न्हाऊ घातलेली लक्ष्मी. वाघ पाहायला आलेलं पोर वाघ चावल्यासारखं किंचाळत घरी जाई.

मधल्या दांडीवर एक जागा मोकळी होती. तिथे एके दिवशी मोर आला. निळा, हिरवा आणि सोनेरी रंग पिसाऱ्यात एकमेकांना बिलगलेले, असा देखणा मोर. दुर्दैवाने तो भाऊंच्या पत्नीच्या, सगुणाबाईंच्या ट्रंकेतला होता. लग्नाच्या शालूवरचं तिकीट, डांबराच्या गोळ्यांच्या वासात इतकी वर्षं निजवलेलं.

सगुणाबाईंनी आकांत केला नाही. गाठोडं बांधलं आणि कुंपणाशी थांबून, मलाही ऐकू यावा इतक्या स्पष्ट स्वरात निकाल दिला: "पाणीपाऊस सरल्यावर येईन. मोर साबूत दिसला तं राहीन. नाई तं त्याच पायी वापस." आणि त्या वैनगंगेपलीकडे माहेरी गेल्या.

मोर टिकवणं हा त्या दिवसापासून भाऊंचा धर्म झाला. नवा प्रयोग ते आधी वाघावर करीत. मोराला धक्का नको. प्रथम धावड्याच्या डिंकाचा लेप झाला. वाघावर मुंग्यांची अशी रांग लागली की त्याला चालता पट्टा फुटल्यासारखं वाटे. मग सुताराने सांगितलं, लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावा. लाख जंगलात मुबलक, स्पिरिट कुठलं? भाऊंनी मोहाची दारू वापरली. सुपारीही न खाणारा हा गृहस्थ गल्लीतून गेला, की मागे मोहाचा गोड, आंबूस दरवळ आणि त्यामागे चार आशाळभूत माणसं जात. दारूत पाणी निघालं. वाघ दुधासारखा पांढरा पडला.

"भाऊ, वाघाले मोतीबिंदू झाला का जी?" पानवाल्याने विचारलं.

"तपासून राह्यलो," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

शेवटी दवाखान्यातून खरं स्पिरिट मिळालं. लाखेचा पातळ हात, वाळवण, पुन्हा हात. असा मोर मधासारख्या पिवळ्या काचेत बसला. फक्त पिसाऱ्याची कड अधूनमधून उचले, आणि भाऊंचा जीव तिच्याबरोबर उचले.

पोळा आला. गाव बैल घेऊन तोरणाखाली जमलं. भाऊ झूल घातलेली सायकल घेऊन.

"ह्याले शिंगं कुठी?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"हँडल दिसत नाई का? अन् तुमच्या बैलावानी शेण बी नाई टाकत."

पोळा फुटला. ज्याचा त्याचा बैल ज्याच्या त्याच्या दारी गेला. बायांनी पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. भाऊ आपल्या दारी सायकल धरून उभे राहिले. दार बंद होतं. तेलवातीचा वास आता घराघरातून येत होता. मी ताट घेऊन गेले.

"राहू द्या, बाई. घरच्या बैलाले घरचीच बाई लागते."

"मग तिचं तिकीट घेतलं काऊन?"

ते बराच वेळ सायकलीची घंटी पुसत राहिले. "मी गावोगाव हिंडतो. तिले कोण नेते कुठी? मले वाटलं, तिचा मोर तरी हिंडावा संगं."

दुसऱ्या दिवशी वैनगंगेचा पूर जरा ओसरला आणि काठाला डोंगा, म्हणजे लाकडी होडी, लागला. पलीकडच्या घाटापासून सगुणाबाईंचं माहेर दूर. वाट नुसता चिखल. बायकोला त्यातून न चालवता आणायचं तर सायकल हवीच. आणि डोंग्यात सायकल आडवी पडते, तळाशी साचलेल्या पाण्यात. भाऊंना हे माझ्याहून नीट ठाऊक होतं. पाऊस सरेपर्यंत थांबले असते, तर मोर वाचला असता.

ते गेले.

दोन दिवसांनी उन्हं कलताना कुंपणापलीकडे बांगड्या वाजल्या. सगुणाबाई मागच्या कॅरिअरवरून उतरल्या, वाकल्या, दांडीवरची झूल बाजूला सारली, आणि दांडीवर बोट फिरवीत राहिल्या. भाऊ घसा खाकरून म्हणाले, "डोंग्यात भिजला. पिसारा निघाला साराच. मान तेवढी राह्यली."

भाऊंनी बायकोचं गाठोडं खाली ठेवलं नव्हतं. दोन्ही हातांत धरून ते निकालाची वाट पाहत होते.

"पिसारा गेला, तं लांडोर झाली म्हणा," सगुणाबाई अखेर म्हणाल्या. "राहू द्या आता तिले. अन् ते गाठोडं आत ठेवा, हात काऊन दुखवून राह्यले?"