टॅबमधल्या बैलाची खांदशेकणी

मला टॅब फक्त चार्ज करून द्यायचा होता. एवढंच ठरलं होतं, आणि ठरलं तेव्हा मी मान हलवून हो म्हणालो होतो.

आमच्या शेजारी माया मॅडम राहतात. परतवाड्यापासून अर्ध्या तासावर आमचं गाव. इथल्या शाळेत पहिली-दुसरी त्याच सांभाळतात. पोरं एकूण एकोणीस. (मॅडमच्या घरी आज कोणती भाजी आहे हेही मला माहीत असतं. चौकशीपोटी नाही, काळजीपोटी.) शाळेला यंदा एक टॅब मिळाला होता आणि त्यात सणांवरून शिकवायचं ॲप होतं. राख्या मोजून बेरीज झाली, पुढे मोदक वाटून भागाकार येणार होता. सध्या पोळा, म्हणून बैल. गणित बरोबर आलं की बैल मान हलवायचा. गणिताच्या तासाला पोट दुखणारी पोरं आता सुटीची घंटा झाली तरी जागची उठत नाहीत, असं मॅडम सांगायच्या.

पण टॅब तीन महिन्यांच्या बोलीवर होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख पाहायला येणार होते. उपयोग दिसला तर राहील, नाहीतर परतवाड्याच्या मोठ्या शाळेत जाईल. नेमकी त्याच्याही आदल्या दिवशी दुपारी गावातली लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त आमच्याकडे.

"काका, फक्त चार्जिंगला लावा. उघडू नका," मॅडम म्हणाल्या.

मी उघडला. (बंद वस्तू माझ्याच्यानं पाहवत नाही.)

त्यानं नाव विचारलं. नाव दिल्याशिवाय पुढे जाईना, म्हणून भगवंत लिहिलं. वय दहाच्या वर घेत नव्हता, म्हणून सहा लिहिलं. पहिला प्रश्न आला, दोन बैलांची शिंगं किती? आता मी सातवी पास माणूस. पण इथे शिक्षणाचा संबंध नव्हता, खऱ्या-खोट्याचा होता. बैल म्हटलं की मला आमचेच दिसतात, काजळ्या आणि चांद्या. चांद्याचं डावं शिंग चिंचेला धडकून तुटलेलं. मी तीन लिहिलं.

"पुन्हा प्रयत्न करा," आतली बाई गोड आवाजात म्हणाली.

मी पुन्हा तीनच लिहिलं. मग चार पोळ्या दोन बैलांना सारख्या वाटायला सांगितल्या. काजळ्या तीन खायचा, चांद्या एक. तेही तिला पटलं नाही.

ट्रॅक्टर आला आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही ती जोडी विकली. तेव्हापासून इंदूबाई, म्हणजे आमची मंडळी, पोळ्याला पुरण शिजवते, पण बैलांच्या तोरणाखाली येत नाही. टॅबमधली बाई म्हणाली, "बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावा," आणि ते ऐकून इंदूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. काचेवर एक काळा बैल उभा होता. ती जवळ येऊन वाकली.

"याचं कपाळ काजळ्यासारखं हाये जी."

"खांदशेकणी पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हंजे उद्या हाये," मी म्हणालो.

"उद्या हा आपल्या घरी कुठं राहीन?"

तिनं तूप कोमट केलं, त्यात हळद कालवली, पळसाचं पान आणलं आणि बैलाच्या खांद्याला, म्हणजे काचेला, हळूहळू चोळलं. मग पदर सावरून म्हणाली, "आज आवतन घ्या, परवा जेवाले या."

मी हात जोडले. तूप बैलाच्या खांद्यावरून ओघळून पोटाखाली गेलं आणि तिथून चार्जरच्या भोकात. मला ते दिसत होतं. पण ती वेळ भोकाविषयी बोलण्याची नव्हती.

मग काच काळी झाली.

कापूस झाला, जुनं धोतर झालं, तांदळाच्या डब्यात टॅब पुरून झाला. सकाळी तो सुरू झाला, पण चार्जिंग फक्त अकरा टक्के. मॅडमच्या हाती देताना मी आभाळाकडे पाहत होतो.

अकरा वाजता मी शाळेच्या खिडकीशी होतो. (लाइट आली का विचारायला.) केंद्रप्रमुख साहेबांनी काचेवर बोट लावलं आणि ते नाकाशी नेलं.

"मॅडम, याला तुपाचा वास येतोय."

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या हातातला खडू मोडला होता.

आचल नावाची एवढीशी पोरगी पुढे आली. उत्तर दाबताना तिचं बोट काचेवरून घसरलं. बैल हलेना. तिनं फ्रॉकनं काच पुसली आणि पुन्हा बोट लावलं. बैलानं मान हलवली. सगळी पोरं उभी राहिली. तेवढ्यात साहेबांनी प्रगतीचं पान उघडलं.

"पट एकोणीस म्हणालात. इथे वीस नावं आहेत. हा भगवंत कोण?"

एकोणीस माना खिडकीकडे वळल्या. खोटं मॅडमना येत नाही, आणि खरं सांगितलं तर टॅब जाणार. यात त्यांची काहीच चूक नव्हती.

"हजर, सर," मी बाहेरून म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टॅबकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"वय सहा?"

"त्याच्यावर दहापर्यंतच जाते, सर."

"आणि दोन बैलांची शिंगं तीन?"

मी चांद्याची सगळी हकिकत सांगितली. खांदशेकणीही सांगितली, लपवली नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. कोणतं शिंग, एवढंच विचारलं. डावं, म्हणालो. त्यांनी पेन काढला आणि शेरेबुकात बराच वेळ लिहीत बसले.

ते गेल्यावर मॅडमनी शेरा माझ्यापुढे धरला. "एकोणीस विद्यार्थ्यांची प्रगती समाधानकारक. एक विद्यार्थी फारच मागे आहे. त्याच्यासाठी टॅब याच शाळेत ठेवणे आवश्यक."

तेव्हापासून शाळा सुटली की मॅडम मला हाक मारतात. साहेबांनी लिहिलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? काल मी दोन बैलांची शिंगं चार लिहिली. टॅबमधल्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात चांद्याची माफी मागितली आणि घरी येऊन इंदूबाईला ही प्रगती सांगितली.

तिनं पोळपाटावरून नजरही उचलली नाही.

"आचल त्या टॅबात दिवाळीपर्यंत पोचली जी. तुमी अजून पोळ्यातच अटकले."