दवंडी राहिली

प्रतिवादीनं स्कूटर चालवायची की मागं बसायचं, यावरून त्या सकाळी काळूराम आणि येसाजी यांची अंगणात हुज्जत चालली होती. काळूराम वादी. रस्त्यालगतचा गाळा येसाजीनं रिकामा करावा म्हणून त्यानं उरणच्या कोर्टात दावा लावला होता. येसाजीचा बँड एके काळी पंचक्रोशीतल्या हळदी गाजवायचा. पुढं डीजे आले, सुपाऱ्या आटल्या आणि सुपाऱ्यांमागोमाग गाळ्याचं भाडंही आटलं. पण तारीख असली की दोघं एकाच स्कूटरवर जायचे, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहायचे आणि येताना एकाच ताटलीतली भजी खायचे.

काळूरामची मुलगी प्राप्ती हिला हे बघवत नसे. ती पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. भाडेकरू कायद्याचं पुस्तक तिनं पेन्सिलीनं खुणा करत वाचलं होतं, वकिलाच्या अर्जातल्या चुकाही काढून दिल्या होत्या. बापाच्या चुका काढायला तर तिला पुस्तकही लागत नसे.

"बाबा, निदान वेगळे वेगळे जा. न्यायाधीशांनी पाहिलं तर काय म्हणतील?"

"गुडघा धरलाय माझा. स्कूटर तोच चालवनार," काळूराम मागच्या सीटवर चढत म्हणाला. "त्याला काढाचा झाला तरी त्याच्याबिगर जमाचा नाय, बाय."

"तुमचं हे नेहमीचंच," असं म्हणून ती बस पकडायला निघाली. संध्याकाळी त्यानं तिच्यासाठी आणलेली भजी तिनं तेलकट म्हणून बाजूला सारली. पहाटे काळूराम झोपेतच गेला.

त्या गावात म्हातारं माणूस गेलं की वाजवत नेतात. येसाजी ढोल गळ्यात अडकवून दारात येऊन उभा राहिला.

"नको काका," प्राप्ती म्हणाली. "केस चालू आहे."

येसाजीनं मान हलवली, ढोल ओट्यावर ठेवला आणि खांदा द्यायला गेला. त्यावर कायदेशीर हरकत घेण्यासारखं तिला काही सुचलं नाही.

वारस म्हणून तिनं आपलं नाव लावून घेतलं आणि केस एकदम पळायला लागली. आजवर पुढची तारीख प्रतिवादीपेक्षा वादीच जास्त वेळा मागत होता, हे तिला तेव्हा कळलं. भाडं थकलंय हे येसाजीनं उभ्याउभ्या कबूल केलं. निकाल लागला, गाळा सोडण्याचा हुकूम झाला, येसाजीनं अपील केलं नाही. गाळाही सोडला नाही. त्याचं म्हणणं असं की काळूराम सांगेल तेव्हा निघेन असा त्यानं शब्द दिला होता आणि काळूरामनं काही सांगितलं नव्हतं.

मग प्राप्तीनं दरखास्त केली, म्हणजे जिंकलेली गोष्ट हातात मिळावी म्हणून कोर्टाला पुन्हा सांगितलं. ताब्याचं वॉरंट निघालं. बापाचं अर्धं राहिलेलं एवढं एकच काम तिला पुरं करायचं होतं, आणि तेही असं की कुठं बोट ठेवायला जागा उरू नये.

ठरल्या दिवशी कोर्टाचा बेलीफ आला. एसटी स्टँडवरून त्याला येसाजीच घेऊन आला, काळूरामच्या स्कूटरवर. प्राप्तीला चालवता येत नसल्यामुळे स्कूटर येसाजीकडेच राहिली होती. तिच्यासाठी तिनं वेगळा दावा लावला नव्हता. येसाजीनं शटर स्वतः वर केलं, पंचांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. कुलूप तोडायला आणलेला माणूसही चहा प्यायला. बेलीफानं सहीसाठी पेन उघडलं, तेवढ्यात प्राप्तीनं वॉरंट शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"दवंडी राहिली," ती म्हणाली.

"मॅडम, ती ओळ छापीलच असते. हल्ली कोण पिटतं?"

"लिहिलंय ना? मग झाली पाहिजे. उद्या कुणी म्हणालं, ताबा नियमानं दिला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून."

बेलीफानं पेनाला टोपण लावलं. पंचांसमोर विषय निघाला होता, आता त्याला तो सोडता येईना. दवंडी नाही तर वॉरंट तसंच परत जाईल आणि दुसरं कधी निघेल ते कोर्टालाच ठाऊक, असं त्यानं सांगितलं. देवळातल्या ढोलाची चौकशी झाली. तो चामडं बदलायला येसाजीकडेच दिलेला होता. शाळेतही एक ढोल होता, पण शाळेला सुट्टी होती. प्राप्तीनं मोबाइलवर ढोलाचा आवाज शोधून काढला.

"आणि पंचनाम्यात काय लिहू?" बेलीफ म्हणाला. "ब्लूटूथ?"

हळूहळू सगळे येसाजीकडे पाहू लागले. तो कपबश्या गोळा करत होता.

"काका," प्राप्ती म्हणाली. "जरा वाजवता का?"

"कोनाची सुपारी?"

"माझी. तुम्हाला बाहेर काढायची."

येसाजीनं कपबश्या खाली ठेवल्या. "फुकट वाजवत नाय मी."

दवंडीचा खर्च वादीनं द्यायचा असतो, असा खुलासा बेलीफानं केला. प्राप्तीनं पर्समधून नोट काढून दिली. येसाजीनं ती कपाळाला लावली आणि तिलाच परत दिली.

"थकलेल्या भाऱ्यात जमा कर."

मग त्यानं ढोल गळ्यात घातला. पहिल्या टिपरीला समोरची जनी बाहेर आली आणि हळद कुणाकडं म्हणून विचारू लागली. बेलीफानं मोठ्यानं वॉरंट वाचलं आणि पुरे म्हणून हात केला. येसाजी थांबला नाही. फक्त ठेका बदलला, संथ झाला. जनीनं पदर डोक्यावर घेतला. रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रेलरचं इंजिन कुणीतरी बंद केलं. बेलीफ परगावचा, त्याला काही उमगलं नाही, पण हातातला कागद त्यानं खाली केला. हा ठेका ओट्यापासून स्मशानापर्यंत वाजायचा राहिला होता. तो पुरा होईपर्यंत प्राप्ती शटरला धरून उभी राहिली.

पंचनामा झाला. आता आतली वाद्यं कुणाच्या तरी हवाली करायला हवी होती. येसाजीच्या खोलीत माणसंच दाटीनं झोपत. पावसात ठेवली तर चामडं जाणार. "सामान सुरक्षित जागी ठेवावं," असं प्राप्तीनं सवयीनं सांगितलं, आणि तशी जागा हा गाळाच आहे, हे तिचं तिलाच कळलं. बेलीफानं लिहून टाकलं: गाळा वादीच्या ताब्यात, सामान वादीच्या ताब्यात, जागा सदर गाळा. शटर खाली आलं, कुलूप लागलं. सकाळी आत होतं ते सगळं आतच होतं, फक्त चावी प्राप्तीच्या हातात होती. काम कायद्यानं चोख झाल्याचं समाधान घेऊन बेलीफ पंचांच्या रिक्षात बसून गेला.

"बाय, ह्यो राहिला," गळ्यातला ढोल दाखवत येसाजी म्हणाला.

तिनं कुलूप काढलं. त्यानं ढोल त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवला, त्यावर कापड टाकलं आणि आता काय करायचं ते न कळून उभा राहिला.

"उद्या गाळा किती वाजता उघडायचा असतो?" प्राप्तीनं विचारलं.

येसाजीनं बाहेर येऊन शटर खाली ओढलं. मग त्यानं स्कूटर स्टँडवरून काढली. "चल. घरी सोरतो."

ती मागच्या सीटवर बसली. बाप बसायचा तिथं सीट जराशी दबलेली होती. स्कूटर सुरू झाली, तिचा आवाज मोठा होता, तरी ती त्याहून मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, तुमचं बरोबर होतं."