बोंबल्याने हटवलेला समुद्र

पासलीच्या गेनबाचा बोंबल्या मुका झाला, ही बातमी आधी रानडुकरांना कळली आणि मग गावाला.

एरवी हा कुत्रा असा भुंकायचा की वेल्ह्याच्या बाजारात भाव करणारी माणसं मध्येच थांबून त्याचं पुरं होऊ द्यायची. पासलीहून वेल्हं किती लांब, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपा करून मध्ये बोलू नये. पण श्रावणात एकदा गेनबाच्या गोठ्यात बिबट्या शिरला आणि बोंबल्या त्याला आडवा गेला. अंधारात दोघांचं काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. बिबट्या पळाला खरा, पण जाताना बोंबल्याचा आवाज घेऊन गेला. त्या दिवसापासून कुत्रा तोंड उघडायचा ते फक्त भाकरीसाठी.

गेनबाचं खाचर रानाच्या कडेला, अगदी वरचं. डुकरं शिरायची ती तिथून, आणि मग बांध उतरत उतरत साऱ्या गावाच्या भातात जेवायची. भात पोटरीला आलं, पोटात कणसं धरू लागलं, तशी त्यांची वर्दळ वाढली. गेनबाच्या खालच्या खाचराचा मालक सोनबा एक दिवस अंगणात येऊन बसला. त्याने बोंबल्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गेनबा, ह्यो कुत्रा हाय का पाव्हना? खातोय, झोपतोय, आन कुनाला कायबी म्हनत न्हाई."

गावाने मग ठरवलं की भात पिवळं पडायच्या आत बोंबल्या भुंकला तर ठीक, नाहीतर वरच्या बांधावर शेजारच्या केळदचा दुसरा कुत्रा आणायचा आणि बोंबल्याला कापूरहोळच्या मोटारतळावर नेऊन सोडायचं. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं उष्टंखरकटं खाऊन तो जगेल. गेनबाची बायको ठकुबाई हे ऐकून दोन दिवस सोनबाच्या बायकोशी बोलली नाही. गेनबाला मात्र जेवण गोड लागेना. बिबट्या आला त्या रात्री तो स्वतः माळ्यावर चढून बसला होता आणि खाली एकटा बोंबल्या होता, ही गोष्ट त्याला डाचत होती.

औषधं पुष्कळ झाली. शेवटी पितृपक्षात गेनबा भोरला केशवराव वकिलांकडे पोहे द्यायला गेला असताना त्याने हे दुखणं वकिलीणबाईंच्या कानावर घातलं. या पद्मजाबाईंचा समुद्राच्या हवेवर देवाइतका विश्वास. त्यांचा खोकला, त्यांच्या जावेची अर्धशिशी आणि वकिलांचा प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या गचक्याने निखळलेला सांधा, हे सगळं म्हणे समुद्रावर बरं झालं होतं. घट बसले की आम्ही हरिहरेश्वरला हवापालटाला निघतोय, तुम्हीही चला, कुत्र्याला घ्या, असं त्यांनी सांगून टाकलं.

सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने कुत्र्याला बसवायला साफ नकार दिला. त्यामुळे वकील मंडळी वरंधा घाटाने मोटारीतून निघाली आणि गेनबा, ठकुबाई व बोंबल्या मढे घाट उतरून पायी निघाले. मोटार घाटात तापली, पुन्हा तापली, मग रुसली. वकील महाडला पोचले तेव्हा ठकुबाई धक्क्यावर बसून त्यांच्यासाठी भाकरीचं पीठ मळत होती. पुढचा प्रवास शिडाच्या मचव्यातून, खाडीखाडीने.

हरिहरेश्वरला भिकूनाना नावाच्या गृहस्थांची खानावळ होती. समोर पायऱ्या, पायऱ्यांपुढे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. नाना गृहस्थ चोख, जेवणही चोख, पण जीभ नारळ सोलायच्या कोयतीसारखी. त्यांनी वकिलांना माडीवरची खोली दिली, गेनबा-ठकुबाईला वाडीतली खोप दाखवली आणि बोंबल्याकडे बोट केलं.

"हे आवारात चालायचं नाही. कुत्रं ठेवायचं तर आल्या मचव्याने परत जायचं."

पद्मजाबाईंनी समजूत घातली, वकिलांनी भीड घातली. नाना ऐकून घेत होते आणि मान मात्र आडवीच हलवत होते. मचवा अजून उभा होता. एवढा घाट उतरून आलो आणि समुद्राची हवा कुत्र्याच्या नाकातही गेली नाही, आता घरी काय तोंड दाखवायचं?

इतक्यात पायऱ्यांच्या खाली काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. सकाळची भरती नुकतीच पुरी झाली होती, शेवटची एक मोठी लाट पायरीवर आपटून फेसाळली आणि तो फेस थेट बोंबल्याच्या नाकावर उडाला. एवढं मोठं, पांढऱ्या दातांचं जनावर त्याने आजवर पाहिलं नव्हतं. तो थरथरला. मागे सरला. पण मागे गेनबा उभा होता, ठकुबाई उभी होती.

आणि बोंबल्या भुंकला.

खानावळीतल्या वरणाला म्हणे सुरकुत्या पडल्या. ठकुबाई मटकन खाली बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. गेनबाने आकाशाकडे हात जोडले. लाट मागे गेली. बोंबल्या दोन पावलं पुढे झाला आणि पुन्हा भुंकला. लाट आणखी मागे गेली. असं करत करत तो दुपारपर्यंत भुंकत राहिला आणि समुद्र मागे मागे जात राहिला, इतका की जिथे सकाळी मचवा डुलत होता तिथे चिखलात खेकडे फिरू लागले.

आता डोंगरातल्या माणसाला पाणी ठाऊक असतं ते नदीचं. पूर आला की येतो, ओसरला की ओसरला, पुन्हा पाऊस पडेपर्यंत परत यायचं नाव नाही. गेनबा महाडच्या बाजारापलीकडे कधी गेला नव्हता. त्याने डोळ्यांदेखत जे पाहिलं त्याचा अर्थ एकच होता.

"नाना," तो शांतपणे म्हणाला, "आमच्या कुत्र्यानं तुमचा समुद्र हाटवला. आता तरी ऱ्हाऊ द्याल का?"

भिकूनाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी भरती-ओहोटी समजावून सांगितली, चंद्राचं नावही घेतलं. गेनबाने सगळं ऐकलं आणि विचारलं, चंद्र तर अजून उगवायचाय, आणि कुत्रा हितं भुंकतोय, मग समुद्र कुणाला भ्याला? जेवायला बसलेल्या पाहुण्यांना ही मजा वाटली. नानांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, संध्याकाळी समुद्र परत येईल तेव्हा कुत्रं निघेल. तोवर बसू दे.

समुद्र अर्थातच परत आला. दिवे लागायच्या वेळी पायरीशी लाट खळखळली आणि नानांनी विजयी मुद्रेने गेनबाकडे पाहिलं. गेनबाने खोपीकडे बोट दाखवलं. ठकुबाईने आनंदाच्या भरात बोंबल्याला मच्छी-भात खाऊ घातला होता, आणि तो चार पाय वर करून मेल्यासारखा झोपला होता.

"राखनदार झोपला तर डुकरंबी येत्यात, समुद्राचं काय घेऊन बसलाय," गेनबा म्हणाला.

केशवराव वकील सुपारी कातरत होते, ते एकदम सावरून बसले. हवापालटाला येऊन बारा तास झाले होते आणि त्यांना एकही खटला मिळाला नव्हता. त्यांनी पाहुण्यांसमोर मांडणी केली की कुत्रा हजर असताना समुद्र आला असं नाना दाखवू शकलेले नाहीत. झोपलेल्याच्या गैरहजेरीत निकाल देणं हे कुठल्याही न्यायात बसत नाही. सबब उद्या सकाळी, भरती चढत असताना, कुत्रा जागा ठेवून पुन्हा पाहावं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना रोज संध्याकाळी देवदर्शन झालं की दुसरा उद्योग नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सारी खानावळ पायऱ्यांवर बसली. नानांनी स्वतः बोंबल्याला उठवलं, पाणी पाजलं, कुठे कसर राहू दिली नाही. समुद्र चढत होता. बोंबल्या त्याला दिसेल तिथे गाठून भुंकत होता, आणि समुद्र त्याला जुमानत नव्हता. एक लाट आली, कुत्रा मागे सरला. आणखी एक आली, आणखी सरला. पाहुणे चुळबुळ करू लागले. नानांनी मचवेवाल्याला हाक मारून ठेवली. ठकुबाईच्या हातातलं तुळशीचं पान चुरगळून गेलं.

"काय हो गेनबा, कोण कोणाला हटवतोय?" नानांनी विचारलं.

गेनबाच्या कपाळावर घाम होता, पण त्याने डोळे समुद्रावरून काढले नाहीत. "त्यो आत घेतोय त्याला. रानडुकराला असंच अंगावर घेत्यात, मंग हानत्यात. तुमी डुक्कर मारलंय का कवा?"

नानांनी डुक्कर मारलं नव्हतं. पाणी पायरीपर्यंत आलं. बोंबल्या शेवटच्या पायरीवर चढला, पाठ खानावळीला लावली, आणि आता मागे जायला जागा उरली नाही म्हणून जीव तोडून भुंकला. लाट पायरीखाली आली. दुसरी पायरीखालीच राहिली. तिसरी अलीकडेच फुटली. आणि मग सगळ्यांच्या देखत समुद्र सावकाश, नाइलाजाने, मागे फिरला.

नानांनी तोंड उघडलं, चंद्राचं नाव घ्यायला. पण ते मिटून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ताटली आणली. तिच्यात ताकभात होता.

त्या दिवसापासून हरिहरेश्वराला कुत्र्यांचे दिवस आले. पाहुणे बोंबल्याला पाहायला लांबून येऊ लागले. श्रीवर्धनच्या एका सुपारीवाल्याने आपला लठ्ठ कुत्रा बैलगाडीतून धाडला, चार गोष्टी शिकून येऊ दे म्हणून. कोणाची काळी कुत्री वाळूत धावायला आली, कोणाचं झिपरं कुत्रं छत्रीच्या सावलीत हवा खायला. मचवेवाला कुत्र्यांना मालकांसकट खाडीच्या तोंडापर्यंत हिंडवून आणू लागला. आणि ज्या नानांच्या आवारात कुत्रं चालत नव्हतं, त्यांच्या अंगणात कुत्र्यांची वेगळी पंगत बसू लागली. नाना स्वतः वाढत आणि कोणत्या कुत्र्याला ताक सोसतं नि कोणाला नाही याची चौकशी करत. बोंबल्याला पहिलं पान.

कोजागिरी आली. नाना दर वर्षी पाहुण्यांसाठी दूध आटवायला चुली मांडत त्या वरच्या पायरीवर. उधाणाचं पाणी त्यांना पाठ होतं. पण या वर्षी सकाळीच त्यांनी चुली आणि पातेली खाली वाळूत मांडली, सतरंज्याही तिथेच अंथरल्या. एकाने विचारलं, उधाण आहे ना आज? नाना हसले आणि बोंबल्याकडे हात केला.

नेमका त्याच सकाळी पासलीहून निरोप आला. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि सोनबा केळदला कुत्रा बघायला निघाला होता. गेनबाने गाठोडं बांधलं, वकिलीणबाईंच्या पाया पडला आणि भरतीबरोबर वर जाणारा पहिला मचवा गाठला. नाना तेव्हा बाजारात दूध बघत होते.

दुपारी उधाण आलं. आधी सतरंज्या गेल्या, मग चुली विझल्या, मग पातेली ओळीने तरंगत निघाली. पाहुणे माडीवरून ओरडू लागले की कुत्रा कुठे आहे. नाना धोतर खोचून धक्क्याकडे धावले. मचवा वाऱ्याअभावी जवळच रेंगाळत होता.

"गेनबा, आजच्या दिवस कुत्रा ठेव रे," ते कमरेएवढ्या पाण्यातून म्हणाले. "उद्या मी स्वतः महाडला आणून सोडतो."

"नाना, आमची डुकरं वाट बगत असतील."

ठकुबाईने विचारलं, "आन चंद्राचं काय झालं वो नाना? त्यो बगंल की आजचा दिस."

बोंबल्या मचव्याच्या काठावर पाय ठेवून किनाऱ्याकडे पाहत एकदा भुंकला, बहुधा निरोप म्हणून. पाणी नानांच्या कमरेवरून मांडीवर उतरलं. त्यांनी खाली पाहिलं, मग कुत्र्याकडे पाहिलं, आणि तिथेच उभ्या उभ्या हात जोडले.

पासलीत मंडळी पोचली तेव्हा सोनबा नव्या कुत्र्याला दोरीने धरून वरच्या बांधावर उभा होता आणि अर्धं गाव पाहायला जमलं होतं. सूर्य कलला होता. रानाच्या कडेला डुकरं येऊन थांबली. गेनबाने बोंबल्याला बांधावर सोडलं. बोंबल्याने डुकरांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गावात कुजबूज झाली. सोनबाने नव्या कुत्र्याची दोरी सैल केली. गेनबाने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात वारा सुटला आणि पिवळं पडलेलं सगळं भात एकदम वाकलं, उठलं आणि लाटेमागून लाट येत बांधावर आदळू लागलं. बोंबल्याने कान टवकारले. दुसरा समुद्र, आणि तोही आपल्याच दारात.

तो भुंकला तेव्हा डुकरं जी उधळली ती म्हणे मढे घाट उतरून गेली. केळदचा कुत्रा दोरी तोडून स्वतःच्या गावी पोचला. सोनबाने पागोटं काढून गेनबाच्या खांद्यावर ठेवलं आणि साऱ्या गावासमोर चूक कबूल केली.

पण वारा काही थांबेना, भात लहरायचं थांबेना, आणि बोंबल्याही थांबेना. चार दिवसांनी सोनबा लाल डोळ्यांनी गेनबाच्या अंगणात आला.

"गेनबा, डुकरं गेली न्हवं? मंग आता कुनावर भुंकतोय ह्यो? डोळ्याला डोळा न्हाई आमच्या."

गेनबा भाकरीचा तुकडा मोडत होता. तो निवांतपणे म्हणाला, "भात अजून हाटलं न्हाई, म्हनून भुंकतोय. दम धर. कापनीला हाटंल."

आणि खरोखरच, कापणी झाली त्या संध्याकाळी मोकळ्या खाचरात एकही लाट उरली नव्हती. बोंबल्याने बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चक्कर मारली, सगळीकडे नीट वास घेतला, आणि समाधानाने लांब होऊन झोपी गेला.