लग्न चालू असल्याची खात्री

ज्या प्रश्नावर सगळ्यांचं एकमत असतं, त्याच प्रश्नावरची बैठक फार लांबते. एका मोठ्या इस्पितळातल्या पाच मुस्लिम डॉक्टरांच्या नीतिसमितीचं मूळ मुद्द्यावर संपूर्ण एकमत होतं. प्रयोगशाळेत गर्भ तयार करायला शरियतची हरकत नाही. मात्र बीज नवऱ्याचं, अंडं बायकोचं, तिसऱ्या कुणाचा संबंध नाही, आणि गर्भ पोटात ठेवते वेळी लग्न चालू असलं पाहिजे. (समितीत सर्वांत कडक म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्याकडे मूल मागायला आजवर कुणी आलेलं नाही.)

त्या दिवशी एक शिंपी आणि त्याची बायको आले होते. इतक्या वर्षांच्या औषधपाण्यानंतर दोघांचा एकच गोठवलेला गर्भ उरला होता. तोही वितळवून तयार. संध्याकाळच्या आत ठेवला नाही, तर सगळंच संपलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी निकाहनामा उजेडात धरला. "यावरून लग्न झालं होतं एवढंच कळतं. आज आहे कशावरून?"

शंका रास्त होती. (शेकडा नव्वद विवाहितांना ती अधूनमधून येतेच, ते समिती नेमत नाहीत, इतकंच.) दोघांना विचारावं, तर दोघंही हितसंबंधी. म्हणून काचेच्या दाराआडून निरीक्षण करायचं ठरलं.

"करा निरीक्षण," स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. "तोवर मी हात धुऊन घेते."

निष्कर्ष चिंताजनक निघाले. नर्सनं "नीट वागा, आतून बघतायत" असं बजावल्यामुळे शिंपी म्हणत होता, "आपण दमला असाल." बायको म्हणत होती, "छे, आपणच टेका जरा." समिती हादरली. सगळे सदस्य संसारी. घरात असलं संभाषण कुणी ऐकलेलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नकार लिहायला पेनाचं टोपण काढलं.

इतक्यात बायकोनं विचारलं, "अहो, घराची किल्ली?"

"तुझ्याकडे ना?"

"माझ्याकडे कशी? दार कुणी ओढलं?"

"मीच. पण मला वाटलं, तू घेतलीस."

"तुम्हाला वाटलं! तुमच्या बहिणीच्या लग्नातही तुम्हाला असंच वाटलं होतं. सगळं वऱ्हाड पायरीवर बसलं होतं."

"झालं, आली बहीण मध्ये."

"अगदी आमच्या घरच्यासारखं," डोळ्यांचे डॉक्टर भारावून म्हणाले. मंजुरी एकमतानं झाली. बाईंचे हात धुऊन केव्हाच कोरडे झाले होते.

यथावकाश मुलगी झाली. ती जगात येण्याआधी पाच डॉक्टरांनी तिच्या आईबापांची कसून पारख केली होती. तुमच्या वेळी, वाचकहो, अशी कुणीच केली नव्हती. आणि ते दिसतंच.